पियानोची पहिली पायरी

नाशिक क्षेत्रीं संगीताचा विषय निघाला म्हणजे पहिली आठवण होते ती पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. लाहोरास १९०१ सालीं आणि मुंबईस १९०८ सालीं त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उभें केलें, त्यापायीं कर्जाचा डोंगर डोक्यावर घेतला, आणि अखेरीस थकून ते पंचवटींत आश्रम करून राहिले. १९३१ सालीं मिरजेस त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या रामधुनीची आठवण अद्यापि सर्वत्र आहे. पण त्यांनीं ‘संगीत बालप्रकाश’ आणि ‘संगीत बालबोध’ अशीं लहान मुलांचीं पुस्तकें लिहिलीं, स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धति बसविली आणि तीं पुस्तकें छापण्यासाठीं स्वतःचा छापखाना घातला, ही गोष्ट फारशी कोणी काढीत नाहीं. प्रस्तुत लेख पियानो या परदेशी वाद्याविषयीं आणि त्याच्या जागतिक चढाओढींविषयीं आहे. तरी त्याचा आरंभ या नाशिककर झालेल्या गवयापासून कां केला, तें पुढें दिसून येईल.

हल्लीं नाशिकसारख्या शहरांतूनहि लहान मुलें पियानो शिकूं लागलीं आहेत. वॉर्सा, मॉस्को, ब्रुसेल्स, लीड्स येथील मोठमोठ्या चढाओढी घरबसल्या पडद्यावर पाहावयास मिळतात, आणि त्या पाहून आईबापांच्या मनांत एक प्रश्न साहजिकच उभा राहतो: आपलें मूल तेथें केव्हां पोंचेल? सात वर्षांच्या मुलाच्या हातीं पहिला धडा देतांना नजर त्या शिखरावर ठेवावी, कीं आणखी कशावर? या प्रश्नाचें उत्तर उत्साहानें द्यावयाचें नसून इतिहासास विचारून द्यावयाचें आहे. आणि इतिहासाचें उत्तर आपल्या अपेक्षेहून थोडें निराळें आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. सन १७०० च्या सुमारास इटलींत फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी नांवाच्या कारागिरानें हें वाद्य सिद्ध केलें. त्यापूर्वींच्या हार्पसिकॉर्डांत पट्टी दाबली कीं तार छेडली जाई. बोट हलकें पडो कीं जड, आवाज एकाच मापाचा निघे. क्रिस्तोफोरीनें तारेवर छोटी हातोडी पडून लागलीच मागें सरेल अशी युक्ति योजिली. त्यामुळें बोटाच्या जोराप्रमाणें सूर मृदु किंवा तीव्र होऊं लागला, आणि ‘मृदु’ व ‘तीव्र’ या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांवरूनच वाद्याला ‘पियानो-फोर्ते’ हें नांव पडलें. त्याच्या हातचे तीन पियानो अद्याप शिल्लक आहेत. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि सवादोनशेंच्या आसपास तारा असतात. त्या सर्वांचा ताण कित्येक टनांचा असल्यामुळें आंत ओतीव लोखंडाची चौकट घालावी लागते.

आपल्याकडील मुलाला या वाद्याचें दर्शन अगदींच परकें नसतें. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची तीच मांडणी त्यानें घरच्या किंवा भजनी मंडळाच्या पेटींत पाहिलेली असते. पण साम्य तेवढेंच. पेटींत भाता चालू असेतों सूर टिकतो. पियानोंत हातोडी पडल्या क्षणापासून तो ओसरूं लागतो. पेटींत डावा हात वारा घालण्यांत गुंतलेला. पियानोंत दोन्ही हात मोकळे, आणि प्रत्येकानें आपापली स्वतंत्र गोष्ट सांगावयाची. ओसरत्या सुरांतून सलग गाणें उभें करावयाचें आणि दोन हातांना दोन माणसांप्रमाणें बोलतें करावयाचें, हीच पियानोच्या विद्येची खरी कसोटी.

हें वाद्य आपल्या देशांत आलें त्यास दीड-दोनशें वर्षें होऊन गेलीं. इंग्रजी अंमलांत पाश्चात्य सुरांना आश्रय मिळे तो तीन ठिकाणीं: छावणींत, ख्रिस्तमंदिरांत आणि युरोपियन मुलांच्या निवासी शाळांत. नाशिकला हीं तीनहि ठिकाणें होतीं. देवळालीची लष्करी छावणी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसलेली शरणपूरची मिशनची वसाहत आणि १९२५ सालीं मुंबईहून देवळालीस आलेलें बार्न्स स्कूल, असा पाश्चात्य वळणाचा एक पट्टाच या क्षेत्राच्या कडेनें तयार झाला होता. परंतु हा पट्टा कडेलाच राहिला. गंगेच्या घाटावरील कीर्तन आणि छावणींतील बँड यांच्यामध्यें चारपांच कोसांचेंच अंतर असलें, तरी एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकूं गेला नाहीं. ते अंतर ओलांडण्याचा एक प्रयत्न मात्र नमूद केला पाहिजे. याच भागांत वावरलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेंत ओवी-अभंगांचें वळण आणलें, आणि देव परका वाटूं नये यासाठीं गाणें आपलें हवें, हें तत्त्व शिकविलें. संगीताच्या शिक्षणालाहि हेंच तत्त्व लागू आहे.

गोव्याची स्थिति निराळी होती. तेथें पोर्तुगीज अंमलांत प्रत्येक मोठ्या गांवच्या ख्रिस्तमंदिराला जोडून शाळा असे, आणि तींत गरिबाघरच्या मुलांनाहि स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन किंवा ऑर्गन वाजवावयास शिकवीत. या पायरीवरून चढलेले शेंकडों वादक पुढें मुंबईस आले आणि बोलपटांच्या वाद्यवृंदांचे आधारस्तंभ झाले. आपण मात्र पियानो ओळखला तो त्याच बोलपटांच्या पडद्यावर. प्रभात कंपनींत केशवराव भोळे यांनीं १९३० नंतरच्या दशकांत पियानोसारख्या वाद्यांना मराठी चालींच्या संगतीस बसविलें, हें खरें. पण सामान्य प्रेक्षकाच्या मनांत ठसला तो १९४९ च्या ‘अंदाज’ चित्रपटांतला पियानो, म्हणजे श्रीमंताच्या दिवाणखान्यांतील एक दिमाखदार सामान. नायक त्याच्यापाशीं बसून गातो. तो शिकला कोठें, हें कोणी विचारीत नाहीं.

वाद्य कोणाच्या घरीं उतरतें यावर त्याचें भवितव्य किती अवलंबून असतें, हें जपानच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत पायानें भाता हाणावयाचा पाश्चात्य ऑर्गन जपानांत आणि हिंदुस्थानांत जवळजवळ एकाच सुमारास पसरला. जपानी सरकारनें १८७९ सालीं शालेय संगीताच्या विचारासाठीं एक स्वतंत्र खातें काढलें, अमेरिकेहून शिक्षक आणविला आणि १८८७ सालीं तोकियोस संगीतविद्यालय स्थापिलें. त्याच वर्षीं हामामात्सु गांवच्या प्राथमिक शाळेंतील ऑर्गन बिघडला आणि तो दुरुस्त करण्यास यामाहा तोराकुसु नांवाचा एक कारागीर बोलावण्यांत आला. दुरुस्त करतां करतां त्यानें तो समजून घेतला, स्वतः ऑर्गन बनविले, १८९७ सालीं कंपनी काढली आणि १९०० सालीं पियानो तयार केला. आपल्याकडे हाच ऑर्गन कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं आटोपशीर करून मांडी घालून वाजवितां येईल अशी हातपेटी केली. ती गवयाच्या साथीला बसली. आणि तिचा पायपेटीचा अवतार मराठी रंगभूमीवर असा शोभला कीं, बालगंधर्वांच्या गाण्याची आठवण ऑर्गनच्या सुरांशिवाय होतच नाहीं. आपली बुद्धि यांत जपान्याहून कमी पडली असें मुळींच नाहीं. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनीं पेटीला जें बोलतें केलें, तें तिच्या युरोपियन जन्मदात्यांच्या स्वप्नींहि नव्हतें. भेद एवढाच कीं, जपानांत ऑर्गन शाळेंत उतरला आणि आपल्याकडे रंगमंचावर. शाळेंत उतरलेलें वाद्य सर्व मुलांचें होतें. रंगमंचावर उतरलेलें वाद्य उस्तादाचें राहतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. पियानोंत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. त्यामुळें त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यांतून उमटणाऱ्या गंधाराहून किंचित् चढा असतो, आणि मींड तर त्यांत संभवतच नाहीं. अशा वाद्यावर वाढलेल्या मुलाचा कान रागदारीला मुकेल काय? हाच वाद आपल्याकडे पेटीच्या निमित्तानें होऊन गेला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नांवाचे इंग्रज सिव्हिलियन यांनीं १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करण्याचा खटाटोप केला. १९४० सालीं तर आकाशवाणीनें पेटीला बंदीच केली, व ती सुमारें तीस वर्षें टिकली. तरी पेटी गेली नाहीं आणि गाणेंहि बुडालें नाहीं. कारण ज्या गवयाच्या कानांत तंबोरा पक्का बसला होता, त्याला पेटीचा सूर बाधला नाहीं. ज्याच्या कानांत तो नव्हता, त्याला बंदीनेंहि तारलें नाहीं. पियानोचाहि न्याय हाच. रोज थोडा वेळ तंबोऱ्याशीं गळा लावणाऱ्या मुलाला पियानो अपाय करणार नाहीं. उलट, एकाच वेळीं दोन स्वरपंक्ति ऐकण्याची जी संवय त्याला लागेल, ती आपल्या संगीतांत दुसरीकडून मिळण्यासारखी नाहीं.

आतां चढाओढींकडे वळूं. पियानोवादकांची पहिली आंतरराष्ट्रीय चढाओढ १८९० सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाली. रशियाचा थोर वादक अँटन रुबिन्स्टाइन यानें ती स्थापिली. दर पांच वर्षांनीं ती भरावी, वीस ते सव्वीस वर्षांच्या पुरुषांनाच तींत प्रवेश असावा, आणि वादन व रचना यांस एकएक पारितोषिक द्यावें, असा नियम होता. १९१० नंतर महायुद्धानें ती बंद पडली. १९२७ सालीं वॉर्सा येथें शोपँच्या नांवानें जी चढाओढ सुरू झाली, तिची उत्पत्ति मौजेची आहे. येझी झुराव्हलेव्ह नांवाच्या अध्यापकाच्या ध्यानांत आलें कीं, महायुद्धानंतरच्या तरुणांना शोपँ रडका वाटतो आणि त्यांचें सारें लक्ष खेळाच्या मैदानाकडे असतें. तेव्हां खेळांतली ईर्षाच संगीताच्या कामीं कां लावूं नये? आठ देशांचे सव्वीस वादक आले, आणि रशियाचा लेव्ह ओबोरिन पहिला आला. म्हणजे या चढाओढीचें बीज मैदानांतलें आहे. तिचा वेग आणि तिचा दोष, दोन्ही तेथूनच आलेले आहेत.

दोष म्हणण्याचें कारण असें कीं, परीक्षकांचा कौल आणि काळाचा कौल हे नेहमींच जुळत नाहींत. १९८० सालीं वॉर्सा येथें इव्हो पोगोरेलिच या वादकास अंतिम फेरींत घेतलें नाहीं, म्हणून मार्था आर्गेरिच ही स्वतः १९६५ सालची विजयी वादिका परीक्षकमंडळांतून निघून गेली. आणि नाकारलेल्या वादकाचें नांव त्यामुळेंच जगभर झालें. परंतु केवळ दोष दाखवून भागत नाहीं. जे शिखरावर पोंचले ते कोणत्या वाटेनें गेले, हें पाहण्यासारखें आहे.

१८९५ सालीं रुबिन्स्टाइनच्या चढाओढींत जोसेफ लेव्हिन या रशियन तरुणास पारितोषिक मिळालें. त्याची पत्नी रोझिना हीहि उत्तम वादिका. दोघें पुढें अमेरिकेस गेलीं आणि न्यूयॉर्क येथील जुलियार्ड विद्यालयांत शिकवूं लागलीं. टेक्सस प्रांतांतील एका मुलाला त्याची आई तिसऱ्या वर्षापासून घरीं पियानो शिकवीत होती. ती स्वतः लिस्टच्या शिष्याची शिष्या होती. सतराव्या वर्षीं हा मुलगा न्यूयॉर्कला रोझिनाबाईंच्या हाताखालीं आला, आणि १९५८ सालीं मॉस्कोच्या पहिल्या चायकोव्हस्की चढाओढींत रशियनांच्याच घरीं पहिला आला. तोच व्हॅन क्लायबर्न. दोन महासत्तांच्या शीतयुद्धांत एका अमेरिकन तरुणानें मॉस्को जिंकलें याचा जगांत मोठा गाजावाजा झाला, न्यूयॉर्कांत त्याची मिरवणूक निघाली. पण त्या विजयामागें १८९५ पासून चालत आलेली एक गुरुपरंपरा होती, आणि तिच्याहि मागें स्वयंपाकघरांतून वेळ काढून मुलाला पट्ट्यांपाशीं बसविणारी एक आई होती, हें मिरवणुकींत कोणास दिसलें नसेल. आपण ज्याला घराणें म्हणतों, तें हेंच.

पूर्वेकडील देशांचाहि अनुभव असाच. शाळेंतल्या ऑर्गनपासून अर्ध्या शतकाच्या आंत जपान वॉर्साला पोंचला. १९३७ सालीं चिएको हारा ही जपानी तरुणी तेथें श्रोत्यांच्या विशेष पसंतीस उतरली. १९८० सालीं व्हिएतनामचा दांग थाइ सोन हा आशियांतील पहिला विजयी वादक ठरला. त्याची आई हानोइ येथील संगीतविद्यालयांत पियानो शिकवीत असे. बाँबवर्षावामुळें तें विद्यालय खेड्यांत हलवावें लागलें, आणि तेथें वाद्यें थोडीं व विद्यार्थी फार अशा स्थितींत या मुलानें बोटें तयार केलीं. पुढें तो मॉस्कोला गेला. आणि २०२१ सालीं वॉर्सांत पहिला आलेला कॅनडाचा ब्रूस लिऊ हा त्याचाच शिष्य. युद्धांतहि पायरी मोडूं दिली नाहीं, म्हणून शिखर जवळ आलें.

आतां या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद गोष्ट सांगतों. १९०५ सालीं रुबिन्स्टाइनची चढाओढ पॅरिसला भरली. पियानोचें पारितोषिक विल्हेल्म बाकहाउस या जर्मन तरुणास मिळालें. दुसरा राहिला तो चोवीस वर्षांचा एक हंगेरियन, बेला बार्टोक. रचनेंतहि त्याच्या पदरीं पारितोषिक पडलें नाहीं. विषण्ण मनानें तो घरीं परतला. परंतु त्याच काळांत त्याचें लक्ष आपल्या देशांतील खेडुतांच्या गाण्यांकडे वळलें होतें. मित्र कोदाइ याच्यासह ध्वनिलेखनाचें यंत्र घेऊन तो गांवोगांव हिंडला, हजारों गाणीं टिपलीं, आणि तीं पियानोवर बसवून मुलांसाठीं पुस्तकें रचलीं. पुढें १९२६ ते १९३९ या काळांत त्यानें ‘मिक्रोकॉस्मॉस’ हा १५३ लहानमोठ्या तुकड्यांचा सहा भागांचा क्रमिक ग्रंथ लिहिला. त्याचा आरंभ किती साधा आहे! दोन्ही हात एकच चाल वाजवितात, पांच बोटें पांच पट्ट्यांवर ठेवलेलीं, जागेवरून हलावयाचेंहि नाहीं. तेथून एकएक पायरी चढत मूल शेवटच्या भागांत पोंचतें तेव्हां तें निष्णात वादकाच्या पंक्तीस बसलेलें असतें. चढाओढींत मागें पडलेल्या माणसानें जगांतील मुलांसाठीं अशी शिडी बांधली.

पलुस्करांपासून आरंभ कां केला, तें आतां ध्यानांत आलें असेल. ‘बालप्रकाश’ लिहिणारा मराठी गवई आणि ‘मिक्रोकॉस्मॉस’ लिहिणारा हंगेरियन रचनाकार यांनीं एकमेकांचें नांवहि कदाचित् ऐकलें नसेल. पण दोघांना एकच गोष्ट कळली होती कीं, विद्या टिकते ती मैफलींत नव्हे, तर मुलाच्या पहिल्या धड्यांत. आपल्याकडे पियानोच्या बाबतींत नेमका हा पहिला धडाच मराठी झालेला नाहीं. भोंडल्याचीं गाणीं, पाळणे, आरत्या यांच्या पुष्कळशा चाली चारपांच स्वरांतच फिरतात; पांच बोटें पांच पट्ट्यांवर ठेवणाऱ्या मुलाला याहून सोयीचें साहित्य कोणतें? तोंडीं असलेलें गाणें बोटांतून निघालें म्हणजे मुलाला जो आनंद होतो, तो कळलें-न-कळलेल्या परदेशी चालीनें होत नाहीं; आणि तो आनंद एकदां झाला कीं बाख, मोझार्ट, शोपँ यांच्या घरचें दार आपोआप उघडतें.

आजची आपली स्थिति निराशेची नाहीं, पण अपुरी आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणीवार परीक्षा आपल्या देशांत फार वर्षांपासून होत आल्या आहेत. त्यांनीं शिस्त लावली, हा त्यांचा गुण. परंतु वर्षभर परीक्षेपुरते तीनचार तुकडे घोटावयाचे आणि प्रमाणपत्र भिंतीला लावावयाचें, ही संवय त्यांतूनच लागते, आणि असा विद्यार्थी आठवी श्रेणी उतरल्यावर पुष्कळदां पट्ट्यांवरचें झांकण मिटतो तें कायमचें. मुंबईंत मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं वाद्यवृंद उभारला. पण त्यांचे चिरंजीव झुबिन यांना पुढील विद्येसाठीं १९५४ सालीं व्हिएन्नाच गांठावें लागलें. २००६ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत सिम्फनी वाद्यवृंद निघाला आणि त्याच्या पाठोपाठ मुलांच्या शिक्षणाचीहि सोय झाली. अशा वरच्या पायऱ्या आतां दिसूं लागल्या आहेत. खालच्या बांधावयाच्या आहेत, आणि त्या मुंबईंत बांधून नाशिकच्या मुलाला पुरणार नाहींत.

म्हणून आईबापांच्या प्रश्नाला इतिहासाचें उत्तर असें: चढाओढीचा तिरस्कार नको, पण पहिल्या दिवसापासून तिचा ध्यासहि नको. वॉर्साचें वादन मुलाला अवश्य ऐकवावें. मात्र पहिला कोण आला हें सांगण्याआधीं, एकच रचना तिघांनीं कशी निरनिराळी वाजविली तें त्याच्या कानाला शोधूं द्यावें. एक सुरांत लावलेलें वाद्य, आठवड्यास दोनदां भेटणारा व स्वतः वाजविणारा शिक्षक, रोज ठराविक वेळीं शेजारीं बसून ऐकणारें घरांतील एक माणूस, आणि वर्षांतून दोनचार वेळां ओळखीच्या मंडळींपुढें वाजविण्याचा प्रसंग: एवढी तयारी असली कीं पहिली पायरी झाली. कोठें ती शाळेनें बांधावी, कोठें वाचनालयानें, कोठें चारपांच कुटुंबांनीं मिळून एक पियानो घेऊन. सर्व मुलें शिखरावर जाणार नाहींत, जावयाचींहि नाहींत. परंतु पायरी असली तर जाणाऱ्याची वाट अडणार नाहीं, आणि न जाणाऱ्याचें आयुष्य सुरेल झाल्यावांचून राहणार नाहीं. पंचवटींत येऊन राहिलेल्या त्या थकलेल्या गवयाच्या मुंबईच्या इमारती गेल्या, पैसा गेला. मुलांसाठीं त्यांनीं घालून दिलेला क्रम मात्र टिकला. नाशिकनें निदान तेवढें तरी विसरूं नये.